काळ्या मातीवरचं टर्फ: पाणी खाली जात नाही, बाजूलाच न्यावं लागतं

टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, डबकं झालं, गवताच्या पट्ट्यांमधला जॉइंट उघडला, गवताच्या कार्पेटला लाट आली की पहिला फोन जातो कार्पेटवाल्याला. तो येतो, गम लावतो, दोन गोणी वाळू आणि एक गोणी रबर पसरतो आणि जातो. पुढच्या मृगात जॉइंट त्याच जागी पुन्हा उघडतो. दोष गमाचा क्वचितच असतो. तो फूटभर खाली, मातीत असतो आणि तिथे बघायला कोणी कार्पेट उचलत नाही.

इथे लिहिलंय ते मुख्यतः बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलच्या टर्फबद्दल: ४० ते ५० मिलिमीटर उंच पाती, मध्ये वाळू-रबर आणि खाली काळी माती. म्हणजे सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, नाशिक-नगरचा सखल भाग आणि पुण्याच्या पूर्वेकडचा पट्टा. कोकणात जांभ्यावरचं टर्फ पुष्कळ सुखी असतं, कारण जांभा पाणी पितो. पण ठाणे, वाशी, पनवेलकडे खाडीत भर घालून केलेल्या प्लॉटवर खाली खाडीचा गाळ असतो. तो काळ्या मातीसारखा उन्हाळ्यात फाटत नाही, पण वर्षानुवर्षं बसत राहतो. तिथे लेव्हल दरवर्षी तपासावी लागते, एवढंच सांगून पुढे जातो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. शेतकऱ्याला हे सांगायला नको, त्याने मे महिन्यातल्या भेगांत पाय अडकलेली जनावरं पाहिलेली असतात. तुमची माती किती फुगते हे घरीही कळतं. माती वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. १०० मिलिलिटरची मापं असलेली काचेची दोन नळकांडी घ्या, प्रत्येकात १० ग्रॅम माती टाका, एकात पाणी भरा आणि दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. समजा रॉकेलात ती १२ मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात २१ वर, तर फुगवटा ७५ टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर गेलात की सावध व्हा. १०० च्या वर असेल, तर मातीवर उपचार न करता वर कार्पेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

आता पाण्याचा हिशेब. १०० बाय ६० फुटांचं टर्फ म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. एका दुपारी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर जवळजवळ २८ हजार लिटर पाणी येतं, दहा हजार लिटरचे तीन टँकर म्हणा. कार्पेटच्या भोकांतून ते खाली उतरतं, खडीत जातं आणि मातीपाशी थांबतं. पूर्ण भिजून फुगलेली काळी माती तासाला एक मिलिमीटरही पाणी पीत नाही. म्हणून काळ्या मातीवरच्या टर्फचा तळ हा स्लॅब आहे असं समजायचं. स्लॅबवरचं पाणी जसं उताराने पन्हाळीकडे न्यावं लागतं, तसंच इथलं. खाली मुरेल या आशेवर केलेली कुठलीही दुरुस्ती टिकत नाही.

बिघाड कुठे आहे ते आधी वाचा

जोराचा पाऊस थांबल्यावर अर्धा तास थांबा. त्यानंतरही जिथे पाणी दिसतं तिथे खडूने किंवा चुन्याने कड आखून फोटो काढा. एकाच पावसावरून ठरवू नका, तीन पावसांचे फोटो घ्या. डबक्याची जागा तीच राहिली, तर तळ खचला आहे. जागा बदलते आणि पाणी सगळीकडे पातळ उभं राहतं, तर वाळू-रबरात माती भरली आहे किंवा भोकं बुजली आहेत. मग कोरड्या दिवशी ३ मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी फिरवा. पट्टीखाली १० मिलिमीटरपर्यंत फट चालते, त्यापुढे दुरुस्ती.

कार्पेट उचललंत की त्याची पाठ बघा, तिथे सगळं लिहिलेलं असतं. पाठीवर काळा चिकटा दिसला, तर खालची माती खडीतून वर येते आहे. पाणी आणि वरची धावपळ मिळून हे होतं: खेळाडू उडी मारतो, खडी दाबली जाते, चिखल फटींतून वर ढकलला जातो. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, नसलं की दोन-तीन पावसाळ्यांत हे हमखास होतं. जॉइंटखालच्या टेपवरचा गम पावासारखा सच्छिद्र दिसला, तर तो ओलीत लावला होता. आणि पकडीने चार-पाच ठिकाणी पात्यांचा झुपका ओढून बघा. तो सहज हातात आला आणि त्याबरोबर पांढरा-करडा भुगा पडला, तर लॅटेक्सची (रबरी लेपाची) पाठ मेली आहे. सतत पाण्यात राहिलेल्या लॅटेक्सची हीच गत होते. अशा कार्पेटवर गम, टेप, मजुरी काहीही खर्चू नका. पीयूची (पॉलियुरेथेनची) पाठ पाण्यात जास्त टिकते. नवीन कार्पेट घेताना पात्यांच्या जाडीबद्दल घासाघीस करणारे लोक हा प्रश्न विचारतच नाहीत.

एक नेहमीची चूक: कार्पेटखाली काळं प्लॅस्टिक टाकलेलं असतं, 'ओल वर येऊ नये म्हणून'. ओल खालून येण्याआधी वरून टँकरने येते आणि प्लॅस्टिकवर बसून राहते. असं प्लॅस्टिक दिसलं की काढूनच टाका.

खचलेल्या जागेची दुरुस्ती

खोलगा २५ मिलिमीटरपर्यंत असेल आणि कार्पेटच्या पाठीवर काळा चिकटा नसेल, तर काम सोपं आहे. जॉइंटवरून कार्पेट उघडा, खोलग्याच्या कडेपासून दोन फूट पुढेपर्यंत गुंडाळा. वरचा थर खरवडून मोकळा करा, ३ ते ६ मिलिमीटरची ग्रिट (बारीक खडी) टाका, शिंपडण्यापुरतं पाणी मारा आणि प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा. नुसती बारीक कच वापरू नका. तिच्यातली पूड भिजून घट्ट बसते आणि पाणी अडवते.

खोलगा ५० मिलिमीटरच्या पुढे असेल किंवा भरलेला खोलगा वर्षात परत आला असेल, तर खोदावं लागतं. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात खडी भरली की ती विहीर झाली. आजूबाजूच्या सगळ्या खडीतलं पाणी त्या खोल जागी येऊन बसतं, भोवतालची माती भिजून मऊ होते आणि पुढच्या वर्षी खोलगा दुप्पट मोठा होतो. म्हणून नियम असा: खड्ड्याच्या तळातून पाणी बाहेर जायला चर असेल तरच खणायचं. नसेल, तर आधी चर.

चर एक फूट रुंद आणि तोंडाशी दीड फूट खोल, टर्फच्या कडेच्या गटाराकडे १५० ला १ उताराने. ६० फुटांत पाच इंच उतार झाला. पुढे येणारा खड्डा याहून खोल जात असेल, तर चराचं वरचं टोक त्या खड्ड्याच्या तळाच्या खाली घ्या, नाहीतर चर असून विहीर तशीच. चरात २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) नॉनवोव्हन जिओटेक्स्टाइल अंथरा, वर दोन इंच २० मिलिमीटरची खडी, मग ११० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, भोकं खालच्या बाजूला, म्हणजे पाणी तळातून चढायला लागताच पाइपात शिरतं. पुन्हा खडी भरून कापड वरून एक फूट एकमेकांवर घेऊन बंद करायचं. ६० फुटांच्या अशा चराला साधारण ०.९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी आणि ३६० चौरस फूट कापड लागतं. पाइपाचं तोंड गटारात पाण्याच्या वर उघडलं पाहिजे. गटार तुंबून पाणी उलटं आत शिरत असेल, तर तोंडावर झडप बसवा.

मग खड्डा. मापासाठी १० बाय १० फुटांची जागा धरू. माती १४ इंच खोल काढायची, म्हणजे सव्वा ब्रासच्या आसपास माती निघते आणि ती जागच्या जागी पसरायची नाही, बाहेर न्यायची. हे काम वाफशावर करा. चिखलात केलं तर तळ लिबलिबीत होतो, मे महिन्यात केलं तर ढेकळं दबत नाहीत. तळाला चराकडे उतार द्या, रोलर किंवा धुमसाने दाबा. माती जास्त फुगणारी असेल तर चुना वापरायचा: तळाखालचा एक फूट थर मोकळा करून मातीच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के कळीचा विरलेला चुना मिसळा. एक चौरस मीटरला १८ किलो पडतो, या खड्ड्याला २५ किलोच्या सात गोण्या. ओलसर मिसळून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटापालट करा आणि मग दाबा. एका दिवसात मिसळून दाबलं, तर ढेकळांच्या आत चुना पोचत नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच, चुना घामावर बसला की भाजतो.

वर जिओटेक्स्टाइल, शेजारच्या जुन्या थराखाली निदान एक फूट सरकवून. त्यावर ८ इंच ४० मिलिमीटरची खडी, दोन थरांत दाबून. दाबल्यावर बसते म्हणून हिशेबापेक्षा पंचमांश जास्त मागवा, या मापाला ०.८ ब्रास. मग ४ इंच २० मिलिमीटरची खडी आणि शेवटी २ इंच ग्रिट. सोलिंगच्या, म्हणजे खालच्या जाड खडीच्या, जागी मुरूम घालणारे पुष्कळ आहेत. कठीण, भरड मुरूम चालतो. पिवळसर, मुठीत दाबल्यावर लाडू होणारा मुरूम म्हणजे मातीच, फक्त रंग वेगळा.

वरच्या पृष्ठभागाला एक टक्का उतार असावा. ६० फूट रुंदीत मध्यावर उंचवटा धरला, तर दोन्हीकडे ३० फुटांना साडेतीन इंच. खेळताना तो जाणवत नाही. पाण्याला जाणवतो.

भाड्याच्या प्लॉटवर बरेच जण चार इंचांचा पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) टाकून त्यावर कार्पेट लावतात. काळ्या मातीवर तो पीसीसी तडकतो आणि तड्याच्या दोन बाजू वरखाली होतात. तडा नुसता सिमेंटने बुजवून काही होत नाही. वर आलेली कड ग्राइंडरने घासून उतरवा, तड्यात पीयू सीलंट भरा, आणि स्लॅबच्या उताराच्या खालच्या कडेला दर दहा फुटांवर पाणी जायला वाट ठेवा.

कडा का उचलतात

कार्पेटखालची माती थेट उन्हात नसते, तिची ओल टिकते. कडेची माती उन्हाळ्यात तापून आकसते, पावसात फुगते. म्हणून मधला भाग जवळपास स्थिर आणि कडा वर्षातून एकदा खाली, एकदा वर. कर्ब, म्हणजे कडेची काँक्रीटची पट्टी, तिरपा होतो, कार्पेट त्यावरून सुटतं आणि कर्बला समांतर भेग पडते. ती भेग सिमेंटने किंवा मुरमाने गच्च भरू नका. पावसात मातीला फुगायला जागा उरत नाही, मग ती कर्बलाच बाहेर ढकलते.

उपाय दोन आहेत. टर्फच्या बाहेरून चारी बाजूंना तीन फुटांची पेव्हरची पट्टी, बाहेरच्या उताराने, खाली ५०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक. इथे मात्र प्लॅस्टिक योग्य, कारण इथे पाणी अडवायचंच आहे. दुसरा उपाय, फेब्रुवारी अखेरपासून मेपर्यंत कडेने ठिबक. ६० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर लावले, तर ३२० फुटांच्या परिघाला १६० च्या वर ड्रिपर बसतात आणि तासाला साडेसहाशे लिटर पाणी जातं. आठवड्यातून दोनदा एक तास पुरे. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथे हे सुचवायलाही संकोच वाटतो. तिथे पेव्हरच करा. कडेला निलगिरी, सुबाभूळ किंवा पिंपळ असेल, तर झाडाच्या उंचीइतक्या अंतरापर्यंतची माती ते सुकवतं हे धरून चाला.

कडा खिळ्यांनी ठोकू नका. काळी माती दरवर्षी थोडाथोडा करून खिळा वर ढकलते, आणि तो सापडतो तो कुणाच्या तरी गुडघ्याला. लाकडी पट्टीही नको, वाळवीला निमंत्रण. काँक्रीटच्या कर्बवर गम, त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू.

जॉइंट

जॉइंटचं काम भर पावसाळ्यात करू नका, चार दिवस उघडीप मिळाली तरी. सर्वात चांगले दिवस म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी-मार्च. दोन भागांचा पीयू गम पाण्याशी रासायनिक क्रिया करून वायू सोडतो. पाठ ओली असली की गम फेसाळतो आणि वर सांगितलेला पावाचा प्रकार होतो. ओल तपासायला एक फुटी चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक तळावर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर अजून दोन दिवस थांबा. थंडीत सकाळी कार्पेटवर दव असतं, ते पूर्ण उडेपर्यंत डबा उघडूच नका.

जॉइंटच्या दोन्ही बाजूंची एकेक फुटापर्यंतची वाळू-रबर ताठ ब्रशने उकरून व्हॅक्यूमने काढा आणि पोत्यात भरून ठेवा. जुनी टेप सोला, गमाचे खवले खरवडा. दोन्ही कडांच्या शिलाईच्या दोन ओळी सरळ कापून टाका, कारण सुटलेल्या कडेची पाती नंतर हमखास गळतात. ३० सेंटिमीटर रुंदीची नवी टेप मध्यावर सरळ अंथरा. गमात हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा आणि ड्रिल-मिक्सरने तीन मिनिटं फिरवा. चाळीस अंशांच्या उन्हात कालवलेला गम वीस मिनिटांतही धरायला लागतो, म्हणून पूर्ण डबा एकदम कालवायचा मोह टाळा. दातेरी थापीने पसरवा. मीटरला ४०० ते ५०० ग्रॅम गम लागतो, ३० मीटरच्या जॉइंटला १२ ते १५ किलो. मजूर यातच हात आखडतात आणि थापीच्या रेषा पातळ दिसू लागतात.

गम थोडा चिकट झाल्यावर एक कड बसवा, मग दुसरी. दोन्हींची लव, म्हणजे पात्यांचा कल, एकाच दिशेला हवी आणि मधली फट शिलाईच्या दोन ओळींमधल्या अंतराइतकी. कमी ठेवलीत तर उंचवटा दिसतो, जास्त ठेवलीत तर रेघ. पाती गमात अडकली असतील तर तारेच्या ब्रशने नाही, खिळ्याच्या टोकाने एकेक वर काढा. जॉइंटवर दर मीटरला २५ किलोची वाळूची गोणी ठेवा आणि पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी पायाने दाबत चाला. २४ तास खेळ बंद. चपला चिकटवायच्या सोल्यूशनने लावलेले जॉइंट स्वस्तात होतात, पण एप्रिल-मेच्या तापलेल्या टर्फवर ते मऊ पडून सरकतात.

बॅटिंग क्रीजसारखा झिजलेला किंवा दिवाळीच्या अनाराने जळलेला तुकडा बदलायचा, तर मूळ रोलमधलाच तुकडा हवा. नवा तुकडा हिरवागार उठून दिसतो. म्हणून टर्फ टाकतानाच एखाद्या कोपऱ्यात, जिथे कोणी खेळत नाही, तिथे दोन चौरस मीटरचा तुकडा वेगळा बसवून ठेवा. गरज पडली की तो काढून क्रीजला लावा आणि नवा कोपऱ्यात. ऊन त्याला इतकी वर्षं सारखंच लागलेलं असतं.

वाळू, रबर आणि वरून येणारी माती

५० मिलिमीटरच्या कार्पेटला चौरस फुटामागे साधारण १.८ किलो सिलिका वाळू आणि ०.६५ किलो रबर लागतं. ६००० चौरस फुटांना ११ टन वाळू, ४ टन रबर. दोन्ही मिळून २७-२८ मिलिमीटरचा थर होतो आणि वर वीसेक मिलिमीटर पाती उघडी राहतात. पाती तीस मिलिमीटर उघडी दिसली, की ती वाकून मोडायला लागली म्हणून समजा. वाळू नदीची नको, तिच्यात गाळ असतो.

रबर पाण्यापेक्षा जड असूनही पाण्यावर तरंगतं, कारण दाणे बारीक असतात आणि पृष्ठताण त्यांना उचलून धरतो. त्यामुळे प्रत्येक मोठ्या पावसात ते वाहत कोपऱ्यात आणि तिथून गटारात जातं. गटाराच्या तोंडाशी अर्धा मिलिमीटरची स्टेनलेस जाळी बसवा आणि दर पावसानंतर साफ करा. नाल्यात गेलेलं रबर परत येत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार असं दाणेदार भरण २०३१ पासून तिथे विकता येणार नाही, त्याचं कारण हेच वाहून जाणं आहे.

माती खालून येते तशी बुटांतूनही येते, आणि काळ्या मातीचा चिखल बुटाला सोलासारखा चिकटतो. काचेच्या बरणीत मूठभर वाळू-रबर घ्या, पाणी भरून जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वाळू तळाशी बसते, माती वर गढूळ राहते आणि हळूहळू वाळूवर वेगळा थर धरते. तो थर वाळूच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जाड दिसला, तर वरचं भरण काढून बदलायची वेळ झाली. ही वेळ पुढे ढकलायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दारापासून पार्किंगपर्यंत वीस फूट पेव्हर किंवा खडी, दारात काथ्याचं जाड पायपुसणं आणि एक नळ. दहा-पंधरा लाखांचं टर्फ टाकून पार्किंग चिखलात ठेवणारे लोक पाहिले की आम्हाला आश्चर्य वाटतं.

बुजलेली भोकं मोकळी करायला कार्पेट उलटवून, सोल्डरिंग आयर्नच्या ६ मिलिमीटरच्या टोकाने दर १० सेंटिमीटरवर पुन्हा टोचा. वितळलेली कड गळत नाही. वरून ड्रिल मारलं तर शिलाई तुटते.

ब्रश आठवड्यातून एकदा, लवेच्या उलट दिशेने, ताठ नायलॉनचा आणि कार्पेट कोरडं असताना. साचलेलं पाणी काढायला रबरी वायपर, झाडू नाही, कारण झाडूबरोबर रबर जातं. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर रुंद फवारा, फूटभर अंतर आणि तिरपा कोन.

सावलीच्या बाजूला जुलैनंतर शेवाळ येतं. पाय घसरतो तेव्हा ते कळतं, पण कुबट वास आधी येतो. बेन्झाल्कोनियम क्लोराइड ५० टक्क्यांचं मिळतं, ते १० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर मिसळून पंपाने फवारा, पंधरा मिनिटांनी ब्रश मारा आणि धुवा. किंवा १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एकास वीस पाण्यात. ब्लीचिंग पावडर नको, तिचा चुनखडीचा गाळ भोकांत बसतो. हायपोक्लोराइटबरोबर टॉयलेट साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. धुतलेलं पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. शेवाळ वर्षानुवर्षं त्याच जागी येत असेल, तर औषध बदलण्याआधी तिथला उतार तपासा.

पानाच्या पिंकेवर ती ताजी असतानाच पाणी आणि साबण. वाळली की डाग राहतो. च्युइंगमवर बर्फ ठेवून कडक झाल्यावर सोलायचं.

तणांत हरळी कडेने येते, पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटता येते. लव्हाळा वेगळा. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, जिओटेक्स्टाइल आणि कार्पेट दोन्ही फोडून वर येतो. वरून उपटला तर गाठ खाली राहते आणि एकाचे चार होतात. तिथे कार्पेट उघडून, गाठी माळेसकट खणून काढून मग थर परत भरावा लागतो. टर्फ टाकण्याआधी प्लॉटवर लव्हाळा दिसला, तर वरची फूटभर माती काढूनच सुरुवात करा.

घुशींचं बीळ कडेला दिसलं, तर ते नुसतं मातीने बुजवू नका. दुसऱ्या रात्री शेजारी नवं तयार. बीळ खणून मोकळं करा, खडी-सिमेंट ठासा आणि कर्बच्या बाहेरून दीड फूट खोल १२ मिलिमीटरची वेल्डमेश उभी पुरा. घूस कार्पेटखालची ग्रिट बाहेर काढते आणि वरून खोलगा दिसतो, म्हणून खोलगा भरण्याआधी आसपास बीळ आहे का ते बघा.

पावसाळ्याच्या तोंडावर, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, गटारं आणि पाइपाची तोंडं साफ करून घ्या. पाइपात वरच्या टोकाकडून बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला किती मिनिटांत निघतं ते लिहून ठेवा. तोच आकडा पुढच्या मेमध्ये तपासायचा. वेळ दुप्पट झाला असेल तर पाइप धुवून घ्या, कार्पेटला हात लावायची गरज नाही. खांबांच्या पायाशी मातीत पडलेल्या फटी पाणी आत नेतात, तिथे पेव्हर सरकवून बसवा. दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आहे ना, त्याचं टेस्ट बटण याच दिवशी दाबून बघा.